मिठागर रोडवरचं चौथं वर्ष

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या सल्ल्यासाठी माझा फोन सकाळी सातपासून वाजायला लागतो. "मॅडम, कॉम्प्युटर लागत नाहीये, पण कोट्यातून एआय-डीएस मिळतंय. घेऊन टाकू ना?" सुरावरूनच कळतं की घरात ठरून गेलंय, माझा फक्त होकार हवाय. दुसरा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांतला. "पदवी आता चार वर्षांची झाली म्हणे. म्हणजे मुलीचं एक वर्ष फुकट?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी दरवर्षी तुकड्यातुकड्यांनी देते. यंदा एकदाच सविस्तर लिहिते, आणि थोडं कडक लिहिते, कारण गोड बोलून पैसे वाचत नाहीत आणि मुलंही वाचत नाहीत.

जूनमधल्या एका संध्याकाळी मुलुंड पूर्वेचं एक कुटुंब आलं. वडील बँकेत नोकरीला. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात गुणपत्रिका, सीईटीचं स्कोअरकार्ड आणि कल्याणच्या पलीकडच्या एका खासगी कॉलेजचं रंगीत माहितीपत्रक. बारावीला शास्त्र शाखेत ८४ टक्के, सीईटीचा पर्सेंटाइल बेताचा. वडिलांनी वीस मिनिटं माहिती दिली. आई मधूनमधून "हो ना" म्हणत होती. मुलगी गप्प. मी तिला विचारलं, "बारावीच्या वर्षात तुला कशात मजा आली?" ती म्हणाली, "केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला." वडील हसले. मी म्हटलं, "थांबा, तिला बोलू द्या."

मग तिनं मला नायट्रेटची ब्राउन रिंग टेस्ट सांगितली. परीक्षानळीत द्रावण घ्यायचं, ताजं फेरस सल्फेट घालायचं, मग नळी तिरपी धरून तिच्या कडेनं तीव्र सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबानं सोडायचं. दोन थर जिथे भेटतात तिथे तपकिरी कडं उमटतं. "नळी जरा हलली की रिंग जाते, मॅडम. आमच्या बॅचमध्ये पुष्कळांची जायची, कारण आम्ल पटकन ओतायचे. माझी एकदाही गेली नाही." हे सांगताना तिचा डावा हात हवेत नळी धरल्यासारखा तिरपा झाला होता. आईनं तो हात पाहिला. वडील माहितीपत्रकाकडे बघत होते.

त्या मुलीचं काय झालं ते पुढे येईलच. आधी कोट्याचं बोलू.

खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजात २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थेच्या पातळीवर भरल्या जातात. त्या बेकायदा नाहीत. पण त्या जागेसाठी पावतीशिवाय जे मागितलं जातं ते बेकायदा आहे. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीविरोधी कायदा १९८७ पासून आहे, तरी 'डोनेशन' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की जणू ती देवळाची वर्गणी आहे. मुलीच्या पालकांनी आणखी एक गोष्ट नीट ऐकावी. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय सरकारनं जुलै २०२४ मध्ये काढला. ही माफी केंद्रीभूत प्रवेश फेरीतून आलेल्या मुलींना आहे. कोट्यातून गेलात की ती गेली. गेल्या वर्षी एका वडिलांनी घाईघाईत कोट्याची जागा घेतली आणि सवलतीची चौकशी नंतर केली. माझ्यासमोर बसून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी अभियांत्रिकीच्या विरोधात नाही. ज्याला गणित आवडतं, ज्याला यंत्र उघडून बघायची खाज आहे, ज्याला फेरीतून बऱ्या कॉलेजात जागा मिळते, त्यानं जरूर जावं. माझा विरोध विकत घेतलेल्या शाखेच्या नावाला आहे. पाच वर्षांपूर्वी हेच पालक 'आयटी' म्हणत होते, त्याआधी 'ईएक्सटीसी', आता 'एआय-डीएस'. दारावरची पाटी बदलली म्हणून वर्गातला शिक्षक बदलत नाही. माहितीपत्रकात रोबोचा फोटो असतो. प्रयोगशाळेत तो रोबो कुठल्या कपाटात आहे ते एकदा विचारून बघा.

हे मी अधिकारानं बोलते, कारण मी स्वतः चुकले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला होता. येऊरच्या जंगलात भटकणारा, पानांची चित्रं काढून वही भरलेला. प्रत्येक पानाखाली तारीख, जागा, पानाच्या शिरा मोजलेल्या. त्याला वनस्पतिशास्त्र घ्यायचं होतं. वडील म्हणाले, मॅडम, तुम्हीच समजवा. मी समजावलं. इंजिनिअरिंगची सीट 'सेफ' आहे, झाडं काय रविवारी बघता येतील, हे माझेच शब्द. त्याची चार वर्षांची पदवी सहा वर्षांत झाली. कर्ज फेडायला जी नोकरी धरली ती अजून सोडता येत नाही. येऊरला तो आता जात नाही. ती वही कुठे आहे असं मी त्याला एकदा विचारलं, तर त्यानं विषय बदलला. तेव्हापासून 'सेफ' हा शब्द मी माझ्या टेबलावर येऊ देत नाही.

आता चौथ्या वर्षाचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये आलं. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी त्याची चौकट २०२३-२४ पासून लागू केली, बाकीच्या संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून. मुंबई विद्यापीठाच्या आराखड्यात दर सत्राला २२ क्रेडिट. तीन वर्षांत १३२ क्रेडिट पूर्ण केलेत की नेहमीची पदवी हातात, कुणीही अडवत नाही. चौथं वर्ष केलंत तर १७६ क्रेडिट आणि पदवीच्या नावात 'ऑनर्स'. तेव्हा 'पदवी चार वर्षांची झाली' हे खरं नाही. चौथं वर्ष ऐच्छिक आहे. तिसऱ्या वर्षानंतर दार उघडंच आहे.

ऑनर्स दोन प्रकारचं. एकात चौथं वर्षही प्रामुख्यानं विषयाच्या अभ्यासाचं. दुसरं 'ऑनर्स विथ रिसर्च', ज्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करायचा, एका मार्गदर्शकाच्या हाताखाली, आणि शेवटी प्रबंध लिहायचा. इथे एक अट आहे आणि तीच पालकांना कुणी सांगत नाही. यूजीसीच्या चौकटीनुसार संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के हवेत. पहिल्या सहा. म्हणजे हा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात घ्यायचा नसतो. तो एफवायच्या पहिल्या महिन्यात घ्यायचा असतो, जेव्हा सगळी मुलं "एफवाय तर मजा करायला असतं" म्हणत कँटीनला बसलेली असतात. दहावी-बारावीनं पिळून काढलेल्या मुलांना थोडी मोकळीक हवी हे मला कळतं. पण पहिल्या दोन सत्रांत साठावर घसरलेला मुलगा पुढच्या चार सत्रांत सरासरी ७५ वर आणायला धडपडतो, तेव्हा त्याची जी दमछाक होते ती मी पाहिलेली आहे.

एवढं करून मिळतं काय? एक, चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एमए किंवा एमएस्सी एका वर्षाची. यूजीसीनं २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी चौकट आणली तिच्यात ही सोय आहे. म्हणजे 'वाया गेलेलं' वर्ष तिथे परत मिळतं. तुम्हाला हवं ते विद्यापीठ हा एका वर्षाचा अभ्यासक्रम चालवतं का, ते मात्र आधी बघून ठेवा. दोन, चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीच्या प्रवेशाला अर्ज करता येतो. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत हे आहे, आणि राखीव प्रवर्गांना पाच टक्के सूट आहे. २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना नेटही देता येते. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिन्याला ३७,००० रुपये, वर घरभाडं. बावीस वर्षांच्या मुलीला विषय शिकण्यासाठी मिळणारा पगार आहे हा. कोट्याची फी भरणाऱ्या बाबांनी हा आकडा शेजारी लिहून बघावा. तीन, परदेशात, विशेषतः अमेरिकेत, मास्टर्सला जाताना आपली तीन वर्षांची पदवी अनेक विद्यापीठांत अपुरी धरली जायची आणि मुलं इथे एमएस्सीचं निदान एक वर्ष काढून मग जायची. तो अडसर चौथ्या वर्षानं बराच दूर होतो.

अमेरिकेवरून आठवलं. मुलुंडच्याच एका बाईंनी मला आवाज खाली करून सांगितलं, "माझ्या नणंदेचा मुलगा न्यूजर्सीत साध्या कौंटी कॉलेजात जातो. पण आम्ही इकडे कुणाला सांगत नाही." मी विचारलं, पुढे? "पुढे काय, दोन वर्षांनी रटगर्स विद्यापीठात गेला." मग लपवता काय? अमेरिकेत ही कम्युनिटी कॉलेजं १९०१ पासून आहेत, पहिलं शिकागोजवळच्या जोलिएटला निघालं. घराजवळची, कमी फीची, दोन वर्षांची. त्यांतल्या अनेकांत हुशार मुलांसाठी वेगळे ऑनर्स वर्ग असतात. वर्ग लहान, प्राध्यापक नावानं ओळखणारे, आणि तिथून मोठ्या विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जायची वाट आखलेली. न्यूजर्सी राज्य तर शाळेत वरच्या १५ टक्क्यांत आलेल्या मुलांची कौंटी कॉलेजची ट्यूशन फी 'एनजे स्टार्स' योजनेतून स्वतः भरतं. न्यूजर्सीतल्या एडिसनची मराठी आई जिथे दोन वर्षांचे पैसे वाचवते, तिथे मुलुंडची आई घराजवळचं कॉलेज म्हणजे पराभव समजते. आपल्याकडेही यूजीसीची 'कम्युनिटी कॉलेज' नावाची योजना आहे, पण ती कौशल्याच्या अभ्यासक्रमांची, वेगळी. अमेरिकेतल्या त्या कॉलेजांशी आपल्याकडे कुणाची तुलना करायची तर ती चालत जाता येणाऱ्या अनुदानित कॉलेजची.

आणि मुलुंडला चालत जाता येण्याजोगं काय आहे? पूर्वेला मिठागर रोडवर केळकर एज्युकेशन ट्रस्टचं वझे कॉलेज, १९८४ चं. पश्चिमेला पार्ले टिळक विद्यालय असोसिएशनचं मुलुंड कॉलेज ऑफ कॉमर्स, १९७० चं. दोन्ही आता स्वायत्त. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः आखतात, पदवी मुंबई विद्यापीठाची. ही दोन कॉलेजं सर्वोत्तम आहेत असं प्रमाणपत्र मी देत नाही. एवढंच म्हणते की त्यांच्या दारावरून स्टेशनला जाताना तुम्ही ज्या नजरेनं त्यांच्याकडे बघता ती बदला.

वझे कॉलेजचीच एक गोष्ट सांगते, जी मुलुंडकरांनाच माहीत नसते. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर एस. एच. केळकर कंपनी आहे, १९२२ साली सुरू झालेली. साबण, उदबत्ती, तेल, अत्तर यांत जो वास असतो तो बनवणारी. तिच्यामागचं घराणं आणि कॉलेजचा ट्रस्ट यांचं नातं नावातच दिसतं. म्हणून या कॉलेजात सुगंधद्रव्यं आणि सौंदर्यप्रसाधनं या विषयाची पदव्युत्तर पदविका आहे. देशात हा विषय शिकवणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. अत्तरांच्या कनौजला १९९१ पासून सरकारी केंद्र आहे, माटुंग्याच्या आयसीटीत सुगंध आणि स्वाद तंत्रज्ञान शिकवतात, आणि मग आपलं मिठागर रोड. लोक गुजरातेतून, केरळातून इथे खोली घेऊन शिकायला येतात, आणि हनुमान चौकातली मुलगी रोज ठाण्यापलीकडच्या कॉलेजला जायला बस धरते.

हा विषय शिकलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी भेटायला आली. तिनं पर्समधून कागदाच्या चिंचोळ्या पट्ट्या काढल्या, लहान बाटलीत टोक बुडवून एकेक माझ्यापुढे धरली. पहिलीला गुलाबाचा वास. "हे फेनिल इथिल अल्कोहोल, मॅडम." दुसरीला नुकतंच कापलेलं गवत. "हे हेक्झेनॉल." तिसरी धरली आणि मी डोळे मिटले, कारण तो पहिल्या पावसाचा, तापलेल्या मातीचा वास होता. "जिओस्मिन. इतकं कमी असतं तरी नाकाला कळतं." मग ती म्हणाली की पट्टी लगेच टाकायची नाही, अर्ध्या तासानं पुन्हा हुंगायची, कारण जो वास आधी उडतो तो वेगळा आणि जो मागे राहतो तो वेगळा, आणि साबण विकला जातो तो मागे राहणाऱ्या वासावर. नाक तयार व्हायला वर्षं लागतात, रोज सराव लागतो. मागे सेंद्रिय रसायनशास्त्र पक्कं लागतं. हेच ते बीएस्सी केमिस्ट्री, ज्याला तुम्ही 'नुसतं बीएस्सी' म्हणता.

ऑनर्सच्या मुलांसाठी कॉलेजबाहेर जे आहे, ते मला याहून मोठं वाटतं. मुलुंडहून कुर्ल्याला उतरा, हार्बर लाइन पकडा, मानखुर्दला उतरा. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टीआयएफआरचं, १९७४ पासूनचं. पालकांना ते ऑलिंपियाडमुळे ऐकून माहीत असतं. पण याच केंद्राचा एनआययूएस नावाचा उपक्रम २००४ पासून चालतो आणि तो पदवीच्या मुलांसाठीच आहे. साध्या कॉलेजातली, बीएस्सीची मुलं सुट्टीत शिबिराला येतात, तिथेच राहतात, आणि ज्यांची निवड होते ती पुढे एखाद्या वैज्ञानिकाच्या हाताखाली प्रकल्प करतात. माझ्या माहितीतली एक मुलगी तिथून परतली तेव्हा तिच्या वहीत सलग चार पानं आडव्या रेघा मारून खोडलेली होती. मी विचारलं, हे काय? "चार वेळा चुकलं. सरांनी सांगितलं, फाडू नको, खोडून ठेव, तारीख घाल." बारावीपर्यंत जी मुलगी जर्नल सुंदर अक्षरात उतरवून काढत होती, तिला चूक जपून ठेवायला तिथे शिकवलं. कॉलेजातल्या प्राध्यापकांना एनआययूएसबद्दल विचारा. काही जण सांगतील, काहींना स्वतःलाच शोधावं लागेल. मग तुम्ही शोधा.

गणितवाल्यांसाठी माधव गणित स्पर्धा आहे, २०१० पासून, पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि हे मानखुर्दचं केंद्र मिळून घेतात. उन्हाळ्यात एमटीटीएस शिबिर असतं, १९९३ पासूनचं, जिथे महिनाभर सूत्रं पाठ करायची सवय मोडून सिद्धता करायला लावतात. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, कुठलंही असो, देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, दोन महिने एखाद्या संस्थेत काम. अर्ज साधारण नोव्हेंबरपर्यंत जातात, आणि आपली मुलं एप्रिलमध्ये विचारायला येतात. विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धा २००६ पासून आहे, तिथे कला आणि वाणिज्यवाल्यांनाही संशोधन मांडता येतं. बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान घेतलंत, तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचं बघा, वर्षाला ८०,००० रुपये. इंजिनिअरिंगला गेलात की ती नाही. आणि तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत जॅम ही परीक्षा द्यायला कुणी अडवलेलं नाही. त्यातून आयआयटीची एमएस्सी. पवईची आयआयटी मुलुंडपासून तीन स्टेशनांवर आहे, नाहूर, भांडुप, कांजूर. जेईईचं दार बंद झालं म्हणून रडणाऱ्या घरांना हे दुसरं दार मी दरवर्षी दाखवते.

कला शाखेच्या पालकांना तर मला हाताला धरून फिरवावंसं वाटतं. अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन बीए करणाऱ्या मुलीच्या आईनं मला विचारलं, "ती पुढे शिक्षिकाच होणार ना?" शिक्षिका व्हावीच, चांगल्या शिक्षिका हव्यातच. पण देवनारला लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९५६ पासूनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम ती सांभाळते. देशातली किती मुलं कुपोषित, किती मुलींची लग्नं अठराच्या आत, हे आकडे तिथून येतात. शेजारीच टाटा सामाजिक विज्ञान संस्था. गोरेगावला रिझर्व्ह बँकेनं उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. अर्थशास्त्रात गणित टाळलेलं नसेल आणि चौथ्या वर्षी आपल्याच वस्तीचा एखादा प्रश्न घेऊन नीट प्रबंध लिहिला असेल, मिठागरांच्या जमिनीचा म्हणा, पूर्वेच्या पुनर्विकासात भाड्यानं राहणाऱ्यांचा म्हणा, तर या संस्थांच्या मुलाखतीत तिच्याकडे बोलायला स्वतःचं काहीतरी असेल. टक्के तर सगळ्यांकडेच असतात.

कॉमर्सवाल्यांना मात्र मी चौथं वर्ष सुचवत नाही. सीए करणार असाल तर तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडा; २०२३ पासून आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आहे, ती मन लावून करा. एमपीएससी, यूपीएससीला तीन वर्षांची पदवी पुरते. घरी लगेच पगाराची गरज असेल तर तीन वर्षांनी नोकरी धरा, त्यात कमीपणा नाही, क्रेडिट तुमच्या नावावर जमा राहतात. बीएमएस, बीबीए यांना २०२४ पासून सीईटी आहे, एवढं लक्षात ठेवा. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही.

विज्ञान-कलेच्या मुलांनाही चौथं वर्ष डोळे मिटून सुचवत नाही. मार्गदर्शक नसेल तर ते वर्ष खरंच फुकट. म्हणून कॉलेजच्या विभागात जाऊन विचारा : तुमच्याकडे पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती? पूर्णवेळ प्राध्यापक किती, आणि तासिका तत्त्वावर किती? संशोधनासह ऑनर्सच्या जागा किती, आणि माझ्या मुलीच्या विषयात आहेत का? प्रयोगशाळा चारनंतर उघडी असते का? या शेवटच्या प्रश्नावर काही ठिकाणी लोक चमकतात. चमकू द्या. ज्या विभागात एखादी प्राध्यापिका म्हणेल, "या, दाखवते," तिथे मुलीला घाला, मग ते कॉलेज कितीही साधं असो. तासिकेवर चालणाऱ्या विभागात प्राध्यापकांचा दोष नसतो. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावत तास घेणारा माणूस बारा क्रेडिटचा प्रबंध कुठल्या वेळेत तपासणार?

आणि पालकांनो, आता तुमच्याशी. तुमच्या भीतीचा मी अनादर करत नाही. मुलुंडमध्ये चाळीतून वन बीएचकेत येण्यासाठी तुम्ही काय केलंय ते मला माहीत आहे, मीही इथलीच. पण मुलाच्या वतीनं बोलणं बंद करा. माझ्यासमोर बसलेल्या मुलांना मी प्रश्न विचारते आणि उत्तर आईकडून येतं. "त्याला ना, मॅडम, तसं काही आवडत नाही." अठरा वर्षांच्या मुलाला काहीच आवडत नसेल तर ती सांगण्याची नाही, काळजीची गोष्ट आहे, आणि बहुधा ते खरंही नसतं, त्यानं तुमच्यापुढे सांगायचं सोडून दिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर सोसायटीच्या ग्रुपात कुणाच्या मुलाला काय पॅकेज मिळालं ते येतं. कुणाचा मुलगा दुसऱ्या वर्षी घरी परत आला, खोलीचं दार लावून बसला, ते येत नाही. ते माझ्याकडे येतं, रात्री साडेदहाला, दबक्या आवाजात. अशा फोनवर मी पहिल्यांदा कॉलेजचं बोलत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. तुम्हालाही सांगते, मूल जेवत नसेल, झोपत नसेल, तर प्रवेशाची तारीख चुकू द्या. जागा पुढच्या वर्षी मिळते.

'लोक काय म्हणतील' हे त्या बँकेतल्या वडिलांनीही म्हटलं होतं. मी त्यांना विचारलं, कुठले लोक, नावं सांगा. त्यांनी दोन नावं घेतली, एक साडू आणि एक ऑफिसातले शेजारी. दोघांनाही मुलीला केमिस्ट्री आवडते हे माहीत नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की उद्या सकाळी मुलीला घेऊन कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात जा, वरचे प्रश्न विचारा, आणि बोलणं तिला करू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा.

ते गेले. आईनं मला नंतर फोनवर सांगितलं. आत बाई होत्या, त्यांनी मुलीला विचारलं, "केमिस्ट्रीच का?" तिनं ब्राउन रिंग सांगितली, हात तिरपा करून. बाई म्हणाल्या, "आणि बुडाशी असलेल्या आम्लाचं काय होतं, विचार केलायस?" पाऊण तास दोघी बोलत होत्या. वडील बाकावर होते. परत येताना स्टेशनाजवळ थांबून त्यांनी वडापाव घेतले आणि फाइलमधलं माहितीपत्रक काढून गुंडाळायला दिलं नाही, घडी करून खिशात ठेवलं. "अजून मनातून गेलेलं नाही त्यांच्या," आई म्हणाली.

मुलीनं प्रवेश घेतला आहे. एफवायचं पहिलं सत्र चालू आहे, मेजर केमिस्ट्री, आणि ७५ चा हिशेब तिनं कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय.